उत्तर विभागाचा आकडा

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "मनात काही साठवून ठेवू नका. रोज कुणाशी तरी मोकळेपणी बोलत चला." घरी येऊन हे हिला सांगितलं. (ही म्हणजे माझी पत्नी. इतक्या वर्षांत कधी नावाने हाक मारली नाही, आता वहीत कुठून सुरुवात करू?) ही म्हणाली, "मोकळेपणी बोलणं तुमचं रोज चालूच आहे. डॉक्टर ऐकणाऱ्याचा रक्तदाब मोजत नाहीत, एवढंच. त्यापेक्षा लिहा." आणि कपाटातून कोरी वही काढून दिली. म्हणून हा उद्योग.

आज लिहिण्यासारखं आहेही. देशातल्या पाच विभागांत किती स्त्रिया बेरोजगार आहेत, याची तुलना करणारा अहवाल आमच्या सांख्यिकी कार्यालयाला करायचा आहे आणि तो माझ्या गळ्यात पडला आहे. पहिल्या फेरीचा तक्ता हाती आला. आपला दक्षिण विभाग सगळ्यांत वर, शंभरात अठरा. मधले तिघे आगेमागे. आणि उत्तर विभाग? शंभरात एकसुद्धा धड भरत नाही! मी पुन्हा पुन्हा बेरीज तपासली. बरोबर आहे.

साहेब, म्हणजे आमचे संचालक, खुर्चीतून उठलेच. त्यांचं आजोळ उत्तरेत. म्हणाले, "बघा! आमच्याकडच्या बायका रिकाम्या बसत नाहीत. अहवालात वेगळं प्रकरण टाका, 'उत्तरेचा आदर्श'. झकास लिहा. जूनमध्ये उपसंचालकांची जागा रिकामी होते आहे, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे? गेली दोन वर्षं त्या खुर्चीवरून माझी नजर हललेली नाही. आडवा येणारा एकच, समोरच्या टेबलावरचा सहकारी. तो प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारतो म्हणून मी त्याला मनात फूटपट्टी म्हणतो.

या अहवालावर आणखी एक गोष्ट ठरणार आहे. सरकार यंदा स्त्रियांसाठी एकच नवं प्रशिक्षण केंद्र काढणार, विजेच्या घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकवणारं. ज्या विभागाचा दर सगळ्यांत जास्त, त्याला ते मिळणार. म्हणजे आपल्यालाच. उत्तरेला बिचारीला त्याची गरजच नाही.

१२ फेब्रुवारी

जेवताना हिला बेरोजगारीची व्याख्या समजावून सांगितली. हिच्या पुढ्यात शेजारच्या काकूंची इस्त्री उघडून ठेवली होती. लग्नाआधी हिने विद्युत दुरुस्तीची पदविका घेतली होती, त्याचा हा छंद उरला आहे. सगळ्या इमारतीतले बिघडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या आमच्या जेवणाच्या टेबलावर येतात आणि बऱ्या होऊन जातात. मी पूर्वी कुरकुर करायचो, आता ताट जरा बाजूला घेतो.

"काम नसलं की माणूस बेरोजगार होत नाही," मी म्हणालो. "काम नाही आणि गेल्या सात दिवसांत त्याने ते शोधलं, तरच बेरोजगार."

"मग मी कोण?"

"तू श्रमशक्तीच्या बाहेर."

"म्हणजे बेरोजगारसुद्धा नाही?"

"तू शोधत नाहीस ना."

ही थोडा वेळ इस्त्रीच्या पोटात डोकावत राहिली. मग म्हणाली, "आणि शोधलं तर?"

"तर बेरोजगार."

"म्हणजे बढतीच की हो," ही म्हणाली, आणि स्क्रू पिळला.

मला ठसकाच लागला. हिच्या बोलण्यात अधूनमधून अशी गंमत असते. उद्या कार्यालयात सांगितली पाहिजे, माझी म्हणून.

१९ फेब्रुवारी

'उत्तरेचा आदर्श' हे प्रकरण सुरू केलं. कारणं शोधतो आहे. थंड हवा, स्वच्छ पाणी, एकत्र कुटुंब, मूळचा कष्टाळू स्वभाव. फूटपट्टी चहा पिता पिता म्हणाला, "उत्तरं दिली कोणी?" मी म्हटलं, "घरातल्या कर्त्या माणसाने, नेहमीप्रमाणे." तो "हं" म्हणाला आणि रेघ मारली. मत्सर माणसाला कसा आतून पोखरतो ते डोळ्यांनी पाहिलं.

घरचं एक कोडं. आठवडाभर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाला चौकोनी खिडक्या पडलेल्या असतात. ही कात्रीने काहीतरी कापून घेते. पाककृती असाव्यात. जेवणात मात्र अजून काही नवं आलेलं नाही.

२ मार्च

उद्या उत्तरेच्या दौऱ्यावर निघायचं. आदर्श प्रत्यक्ष पाहून लिहा, अशी साहेबांची आज्ञा. बॅग भरायला सांगितली तर हिने दोन भरल्या. "मीपण येते. हवा चांगली आहे म्हणता ना?" दौऱ्यावर बायकोला नेलं तर लोक काय म्हणतील, हे समजावून पाहिलं. ही म्हणाली, "म्हणतील, अधिकाऱ्यांना घरचं चांगलं वळण आहे." बसचं तिकीट आमचं आम्ही काढतो आहोत, तेव्हा नियमात बसतं. हिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रू-ड्रायव्हर दिसला. काढून ठेव म्हटलं. हिने कंगवा काढून ठेवला.

५ मार्च

गाव नीटनेटकं आहे. एक रुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानं, टोकाला मोज्यांचा कारखाना. आम्ही सरकारी विश्रामगृहात उतरलो आहोत. दिमतीला जीप आणि ड्रायव्हर. पोहोचल्या पोहोचल्या हिने विश्रामगृहाचा गिझर दुरुस्त केला. म्हणजे माझी अधिकारी म्हणून ओळख व्हायच्या आधी हिची मेकॅनिक म्हणून झाली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ज्या घरी मी पाहणीला जातो त्या घरी आतून निरोप येतो, "ताईंनापण घेऊन या, आमचा मिक्सर फिरत नाही."

आज पहिलं घर लोखंडी सामानाच्या दुकानदाराचं. मी पुढच्या खोलीत त्याच्यासमोर, ही आत.

"घरात काम शोधणारी स्त्री कोणी?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"पत्नी?"

"ती घरीच असते."

"सून?"

"तीपण घरीच असते."

"त्यांना काम हवं आहे का?"

"हवं असतं तर बोलल्या असत्या. तोंड आहे की त्यांना." मग त्याने आतल्या दाराकडे मान वळवली. "काय गं, काम हवंय का तुला?"

आतून आवाज आला, "आणते, आणते. चहा उकळतोय."

"बघा," दुकानदार म्हणाला. मी 'नाही' समोर खूण केली.

चहा आला तोवर आत हसण्याचा नुसता गलका चालला होता. मध्येच मिक्सर घर्रकन फिरला आणि टाळ्या वाजल्या. किती समाधानी स्त्रिया! हे वाक्य प्रकरणात घ्यायचं.

७ मार्च

आज मन भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिने माझ्या विषयात रस घेतला.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ड्रायव्हरची बायको पंखा घेऊन आली होती. ठेंगणी, हसरी, बडबडी बाई. दोघी पंख्याची पाती काढत बसल्या होत्या. ही म्हणाली, "अहो, ते सात दिवसांचं पुन्हा सांगा ना. शोधलं म्हणजे नक्की काय केलं की तुम्ही धरता?"

मी खुर्ची पुढे ओढली. अर्ज केला तर धरतो. ओळखीच्यांना विचारलं तर धरतो. कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारलं तरी धरतो.

"फाटकावर नुसतं विचारलं तरी?" ड्रायव्हरची बायको म्हणाली. "आत नाही घेतलं तरी?"

"आत घेतलं तर ती बेरोजगार कशी राहील, बाई?" मी म्हणालो. दोघी हसल्या. मला शिकवायची हातोटी आहे, हे प्राध्यापक मेहुण्याला कधी पटलं नाही.

"आणि आठवड्यातून एकदा विचारलं तरी पुरे?" ही.

"पुरे."

"बाजाराला जाता जाता?"

"जाता जाता विचारा की येता येता, व्याख्येत फरक पडत नाही."

मग हिने विचारलं, आपल्याकडे अशी चार प्रशिक्षण केंद्रं आहेत आणि इथे एकही का नाही? मी नियम सांगितला. जिथे दर जास्त, तिथे केंद्र. इथे दर शून्याला टेकलेला, मग केंद्र कशाला? ड्रायव्हरची बायको पाती पुसत म्हणाली, "म्हणजे आम्ही गप्प बसलो म्हणून आम्हाला नाही."

"तसं नव्हे," मी म्हणालो, "तुम्हाला गरज नाही म्हणून नाही." आणि श्रमशक्तीची आकृती कागदावर काढून दाखवली. ती तिने घडी करून पोलक्यात ठेवून दिली. सामान्य लोकांनाही ज्ञानाची ओढ असते, पण सोपं करून सांगणारा भेटावा लागतो.

११ मार्च

परत आलो. दौऱ्याचा वृत्तांत लिहिला. शेवटी सूचनांचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला की साहेबांना वाटतं आपण नुसते हिंडून आलो. काही सुचेना. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "लिहा ना, स्त्रियांची माहिती स्त्रियांनाच विचारावी, आणि विचारताना घरातल्या पुरुषांना बाहेर बसवावं. ऐकायला भारदस्त वाटतं."

वाटतं खरं. लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. आता दुसऱ्या फेरीपासून तो देशभर नियम. माझ्या सूचनेवरून नियम झाल्याची ही पहिलीच वेळ. फूटपट्टी येऊन हात मिळवून गेला, "फार मोलाची सूचना केलीस" म्हणाला. उपरोध असावा.

२ एप्रिल

ही दुपारी कुठे बाहेर गेली होती. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "मुलाखत होती." मी म्हटलं, "टीव्हीवर? कुणाची?" ही म्हणाली, "नाही, एक ओळखीची बाई आहे, तिची." कशी झाली म्हटलं. "बरी झाली म्हणते. पण तिला लांब जावं लागेल." मी म्हटलं, घरच्यांशी बोलून घे म्हणावं तिला. ही म्हणाली, "योग्य वेळी बोलेल."

२ मे

अरिष्ट.

दुसऱ्या फेरीचे आकडे आले. आपला दक्षिण विभाग वीसवर. मधले तिघे थोडे वर. उत्तर विभाग शंभरात एकतीस! देशात पहिला. माझ्या 'आदर्श' प्रकरणाची सदतीस पानं टेबलावर तयार पडली आहेत.

उत्तरेच्या अन्वेषकाला फोन लावला. घरोघर जाऊन माहिती गोळा करायची हे त्याचं काम. दबल्या आवाजात म्हणाला, "सर, आता नियमाप्रमाणे माझी बहीण बायकांना विचारते, मी पायरीवर बसतो. आणि सर, बायका अडखळत नाहीत हो. कोणता वार, कोणतं फाटक, वॉचमन काय म्हणाला, सगळं धडाधड सांगतात. दर गुरुवारी बाजाराच्या पिशव्या घेऊन सगळ्या मोज्यांच्या कारखान्यासमोर उभ्या. 'काम आहे का?' तो 'नाही' म्हणतो. 'बरं, आम्ही विचारलं हे लक्षात ठेवा' असं म्हणून पुढे बाजारात जातात. वॉचमनने आता गुरुवारची रजा टाकायला सुरुवात केली आहे."

"पण त्यांना हे सांगितलं कोणी?" मी ओरडलो.

"तेच कळत नाही, सर. त्यांच्याकडे कसलीशी आकृतीपण आहे म्हणे."

कोणी बाहेरची संघटना असणार. हिला सांगितलं. हिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काय बाई एकेक!" तेवढाच आधार वाटला.

९ मे

साहेबांनी दार लावून घेतलं. आठवडाभर त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता, आज मात्र गोड होते. म्हणाले, "दुसरी फेरी अपवादात्मक परिस्थितीत झाली, असा शेरा मारा. अहवालात पहिल्या फेरीचा आकडा घ्या. तुमचं प्रकरणही वाया जाणार नाही. सोमवारी तुमच्या सहीने प्रत वर जाऊ दे, आणि तुमच्या नावाची शिफारसही त्याच पाकिटातून जाईल."

अडचण फक्त एक. फेरीत दोष असेल तरच असा शेरा मारता येतो, आणि दोष मला सापडलेला नाही. व्याख्या तीच, नमुना तोच. बायकांना काम नाही, आणि त्यांनी शोधलं. पण साहेब म्हणाले, "तुम्ही सांख्यिकीतले माणूस. दोष काय, काढला की निघतो."

घरी हिला सांगितलं. आता उपसंचालकीण होणार तू, म्हटलं. ही आनंदाने टाळी वाजवेल असं वाटलं होतं. ही टोस्टर पुसत होती, पुसतच राहिली.

"मग केंद्र?" हिने विचारलं.

"आपल्याकडे. पाचवं."

"त्या बायकांनी गुरुवार फुकट घालवले म्हणायचे."

"तू त्यांचं काय घेऊन बसलीस? माझी बढती आहे इथे!"

रात्रीच्या जेवणाला भाजीत मीठ नव्हतं. माझ्या रक्तदाबाची काळजी घेत असावी.

१२ मे

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दारावर थाप. दारात पाहणीची अन्वेषक, पंचविशीतली तरतरीत मुलगी. तिसऱ्या फेरीसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत आमचं घर आलं आहे. मला गंमत वाटली. म्हटलं, "विचारा, विचारा. मी याच खात्यात आहे."

तिने माझी माहिती घेतली आणि म्हणाली, "आता काकूंची. आपण जरा बाहेर गॅलरीत बसता का?"

"मी? कशाला?"

"नियम आहे, सर."

"माझाच नियम आहे तो!"

"मग तर बसालच," ती म्हणाली आणि खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. दार लोटलं. खिडकी मात्र उघडी होती. ऐकू नये, हे मला कळतं. मी ऐकलं.

"काकू, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?"

"पगाराचं नाही."

मी मान डोलावली. श्रमशक्तीच्या बाहेर.

"काम शोधलंत?"

"हो."

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"किती काळ शोधता आहात?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून. मध्येमध्ये खंड पडले. यंदा फेब्रुवारीपासून मन लावून शोधतेय."

"काही मिळालं?"

"मिळालं, पण हातात नाही अजून. दुरुस्तीच्या प्रशिक्षण केंद्राची केंद्रप्रमुख म्हणून निवड झाली आहे. ते केंद्र उत्तर विभागाला गेलं तरच. इकडे आलं तर इथल्या चार केंद्रांतलीच माणसं ते सांभाळणार. तिकडे जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माझा नंबर लागला."

"केंद्र कुठे जाणार, ते कधी कळेल?"

"सोमवारी. एका सहीवर अडलंय."

ती मुलगी गेली तरी मी गॅलरीतच बसून होतो. पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, आणि मग एकदम भीती वाटली. ही जाईल! घरात ही नसेल! वर्तमानपत्राच्या खिडक्या, ती ओळखीची बाई, तिची मुलाखत, सगळं एकामागून एक डोक्यात पेटत गेलं. पाककृती म्हणे! मी सांख्यिकीतला माणूस आहे, आणि माझ्या घरात दोन माणसं आहेत.

शेवटी हीच बाहेर आली आणि शेजारी उभी राहिली. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी उत्तरेच्या बाजूने सही केली असतीत," ही म्हणाली, "नाहीतर माझ्यावर चिडून केली नसतीत. मला दोन्ही नको होतं. आकडा खरा असेल तर खरा लिहा, खोटा असेल तर खोटा. माझं काय व्हायचं ते होईल."

"आणि माझी बढती?"

"ती तुम्हाला मिळायलाच हवी," ही म्हणाली. "पण या आकड्यावर नको."

मी म्हटलं, "मला तुझ्याशिवाय करमायचं नाही." तोंडातून निघून गेलं. असं मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. हिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "मलाही तुमच्याशिवाय जड जाईल. पण अहो, इथे बसूनही मला जडच जातं. तुम्हाला ते दिसत नाही, कारण तुम्ही बघता तेव्हा तुमच्या कपड्यांची इस्त्री झालेली असते."

१४ मे

सकाळपासून दोष शोधला. मनापासून शोधला, खोटं कशाला लिहू! दोष सापडला असता तर मला शेरा मारायला आणि हिला घरी ठेवायला एकच कारण पुरलं असतं. सापडला नाही. बायकांना काम हवं होतं, पहिल्या फेरीतही हवंच होतं. आम्ही दुकानदाराला विचारलं आणि चहा पिऊन आलो.

दुसऱ्या फेरीचा आकडा ठेवला. शंभरात एकतीस. शेरा मारला नाही. सही केली. 'उत्तरेचा आदर्श' फाडताना मात्र जीव कळवळला, थंड हवेवरचा परिच्छेद खरोखर सुरेख उतरला होता.

साहेबांनी पान उलटलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पान पाहिलं. "हे काय आहे?"

"खरा आकडा, साहेब."

"माझ्या आजोळची शोभा केलीत तुम्ही."

"बायकांनी केली, साहेब. मी फक्त मोजल्या."

एवढं बोलून मी खुर्ची न विचारता ओढून बसलो. साहेबांनी माझ्या नावाची शिफारस पाकिटातून काढून घेतली. दुपारी फूटपट्टी साहेबांच्या खोलीत गेला तो पेढा मिळाल्यासारखा चेहरा करून बाहेर आला. माझ्या टेबलाशी थांबून म्हणाला, "हिंमत केलीस, बाबा." पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. आता येतो आहे.

घरी येऊन हिला सांगितलं. ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

१७ जून

हिला बसवर बसवून आलो. दोन बॅगा, आणि एक पेटी अवजारांची, ती हमालालाही हातात धरू दिली नाही. खिडकीतून सूचना चालू होत्या. गॅस बंद करा, गोळी विसरू नका, दूधवाल्याला निम्मं सांगितलंय. बस हलली तेव्हा मला ओरडून काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी ओरडलो, "पोहोचलीस की आकडा कळव!" तारीख, वेळ, फोन, काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. सगळी बस हसली. हीसुद्धा हसली, आणि मग रुमाल काढला.

घर फार मोठं वाटतं आहे. दोन खोल्यांचं आहे.

५ जुलै

हिचा फोन. केंद्र जोरात सुरू आहे. पहिल्या तुकडीत ड्रायव्हरची बायको, दुकानदाराची सून, विश्रामगृहातल्या खानसाम्याची मेहुणी. कारखान्याने मोज्यांच्या यंत्रांची दुरुस्ती यांच्याकडेच द्यायची का, म्हणून विचारणा केली आहे. विचारायला मॅनेजर स्वतः केंद्राच्या फाटकावर आला होता, तर बायकांनी त्याला "नाव लिहून ठेवतो, गुरुवारी या" म्हणून सांगितलं. हिचा आवाज किती वेगळा लागतो फोनवर! लग्नाआधी हिला पहिल्यांदा पाहायला गेलो होतो तेव्हा आतल्या खोलीतून कुणाशी तरी बोलताना ऐकू आला होता, तो हाच. मध्ये कुठे गेला होता?

मी म्हटलं, "पण आता या शिकून कामाला लागल्या की दर खाली येणार. पुढच्या वर्षी केंद्र काढून घेतील."

"नाही येणार," ही म्हणाली. "नदीपलीकडच्या वस्तीतल्या बायका कालपासून फाटकावर जायला लागल्यात."

"आपोआप?"

"अहो, कळतं हो बायकांना."

१० जुलै

साहेबांनी आज बोलावलं. अजून घुश्शात आहेत, पण काम सांगण्यापुरतं बोलतात. मंत्रालयातून विचारणा आली आहे की उत्तर विभागातल्या स्त्रियांना ही व्याख्या इतकी तंतोतंत कोणी पढवली? छडा लावून महिनाअखेर गोपनीय टिपण द्या, असा हुकूम. पुन्हा माझ्याच गळ्यात.

मी इथून काय छडा लावणार? मग एकदम सुचलं. ही तिथेच आहे, बायकांत मिसळते आहे, तिच्यापासून कोण काय लपवणार? लगेच फोन केला. म्हटलं, हे फार नाजूक काम आहे, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून सांगतो. यामागचं डोकं कोण, तेवढं शोधून काढ.

पलीकडे बराच वेळ नुसतं खोकणं ऐकू आलं. थंड हवा हिला मानवत नसावी. मग म्हणाली, "शोधते हं. पण वेळ लागेल. फार पोचलेली बाई दिसते."

"बाई? पुरुष नसेल कशावरून?"

"बघते ना," ही म्हणाली. "आधी तुम्ही जेवलात का ते सांगा."

जेवलो होतो. अंडं जरा करपलं होतं, ते सांगितलं नाही. टिपणाचं मात्र आता मला टेन्शन नाही. एकदा हिने मनावर घेतलं की ही तड लावल्याशिवाय राहत नाही.